शून्याची ओळ

भाचीची चौकटीची वही समोर पडली होती. तिच्यातलं मधलं जोडपान मी मागून घेतलं आणि अगदी वरच्या रांगेत, एका चौकटीत एक अंक असं करत लिहीत गेलो :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

"वाच," म्हटलं.

सातवीतली मुलगी. उजवीकडच्या टोकाला बोट ठेवून तिनं सुरुवात केली. एकं, दहं, शतं, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज... आणि बोट थांबलं. पान अर्धंही झालं नव्हतं.

"मामा, पुढची नावं नाहीत मला येत."

नावं आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. पण आमची संख्या एकवीस अंकी. म्हणजे नावं संपतात आणि अंक तरी तीन उरतातच. वाचायचीच झाली तर एक हजार चारशे पंचाहत्तर परार्ध आणि वर बरंच काही, अशी वाचावी लागते. बाजारहाटात, पगारात किंवा लोकसंख्येत हिची गरज कधीच पडत नाही.

तरी ही संख्या आपल्या ओळखीच्या घरातली आहे. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जाता जाता राजाचं कोठार रिकामं होतं. त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरं असती, तर सगळ्या घरांतले दाणे मिळून बरोबर ही संख्या झाली असती. २ चा ६७वा घात, वजा १. संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर शून्य औषधालाही नाही, ओळीनं नुसते सदुसष्ट एक.

"आता गंमत," मी म्हटलं. "ही दोन संख्यांचा गुणाकार आहे." आणि खाली त्या दोन संख्या लिहिल्या :

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७

दोन्ही मूळ संख्या. म्हणजे त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. वरच्या त्या एकवीस अंकी डोंगराला फोडलं की हे दोनच दगड हाती येतात, तिसरा नाही.

"कशावरून?" असं म्हणेपर्यंत तिचा हात फोनकडे गेलाही होता. फोननं क्षणात उत्तर दिलं : १.४७५७३९५ असं काहीतरी, आणि शेपटाला 'ई २०'. म्हणजे सुरुवातीचे थोडे अंक घ्या, पुढे वीस घरं आहेत असं समजून चाला. आम्हाला एकवीसच्या एकवीस अंक हवे होते. फोन बाजूला ठेवला. वहीच्या पानाची वरची कड दुमडली, म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर राहायला नको. पेन्सिली घेऊन बसलो.

मोठी संख्या वर, लहान खाली. वरती बारा अंक, खाली नऊ. नऊ ओळींचा गुणाकार. तिनं एकाची, दोनाची आणि तीनाची ओळ घेतली. सात आणि नऊ माझ्याकडे. खालच्या संख्येत सात तीनदा येतो हे तिच्या लगेच लक्षात आलं. "म्हणजे सातची ओळ एकदाच करायची, मग कॉपी." बरोबर. ५३३२८६७८०१००९ ही ओळ मी एकदा केली, तिनं तीनदा उतरवली, प्रत्येक वेळी डावीकडे सरकवून. शाळेत बाई प्रत्येक ओळीखाली रिकाम्या घरांत फुल्या मारायला लावतात. पहिल्या ओळीला फुली नाही, दुसऱ्या ओळीला एक, तिसऱ्या ओळीला दोन. ती फुल्या इमानानं मारत होती.

पाचव्या ओळीपाशी शून्य आलं. तिनं शून्यांची ओळ लिहायला घेतली.

"अगं, शून्याची ओळ काय लिहायची? शून्यच येणार. सोड," मी म्हटलं. चाळीस वर्षांत असे किती गुणाकार केले, त्यातला अधिकार होता तो. तिनं सोडली, आणि पुढच्या ओळीला लागली.

बेरजेला वेळ लागला. उभ्या रांगांतले हातचे वर लिहून लिहून पानाची वरची बाजू काळी झाली. शेवटी उत्तर आलं. कड उघडण्याआधी मी म्हटलं, ताळा करून बघू.

हल्लीच्या मुलांना ताळा माहीत नसतो. दुकानातल्या चोपड्यांवर ज्यांनी हिशोब केले त्यांच्या तो बोटांत होता. आपल्याकडच्या जुन्या गणितग्रंथांतही ही नऊची पडताळणी सापडते. अंकांची बेरीज करायची, आलेल्या बेरजेच्या अंकांची पुन्हा बेरीज, एक अंक उरेपर्यंत. लहान संख्येचे अंक मिळवले : ३७, म्हणजे १०, म्हणजे १. मोठीचे : ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. तर उत्तराचाही ताळा एकच यायला हवा. आमच्या उत्तराच्या अंकांची बेरीज आली नेमकी १००. म्हणजे १.

जुळला! तिनं टाळी दिली. मी पानाची कड उघडली.

आमचं उत्तर होतं १,४७,६२,६८,९१,९६,८३,३७,०२,९२७. सुरुवात १४७ नं, वरच्यासारखीच. शेवट २९२७ नं, तोही वरच्यासारखाच. ताळा एक, तोही तोच. आणि मधलं सगळं चुकलेलं. वर एकवीस अंक, आमचे वीस.

"एक घर कमी आहे मामा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पाचव्या ओळीच्या जागेवर पेन्सिल टेकवली.

शून्याची ओळ लिहायची नसली तर हरकत नाही, पण तिचं घर सोडावं लागतं. ते सोडलं नाही म्हणून पुढच्या चारही ओळी एकेक घर उजवीकडे बसल्या. प्रत्यक्षात आम्ही १९,३७,०७,७२१ नं गुणलंच नव्हतं. १,९३,७७,७२१ नं गुणलं होतं, मधलं शून्य गाळून. आणि ताळ्याला ते कळायचं काही कारणच नव्हतं. ७, ७०, ७००, सगळ्यांचा ताळा सातच. ताळा अंक मोजतो, अंकाची जागा त्याला दिसत नाही. हातच्याची चूक झाली असती, नऊची सोडून एखादी ओळ गाळली असती, आठाचे तीन झाले असते, तर त्यानं नक्की पकडलं असतं. शून्य गळलेलं मात्र त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. ताळा नाही जुळला तर चूक शंभर टक्के. जुळला तर बरोबर असेल, असं फक्त म्हणता येतं.

ती रुसली नाही, पण वही मिटली. "उद्या," म्हणाली. आणि मग तिनं खरा प्रश्न विचारला : "पण हे दोन आकडे सापडले कुणाला? कसे?"

त्याची गोष्ट अडीच शतकांची आहे.

मारँ मेर्सेन हा फ्रान्समधला संन्यस्त धर्मगुरू. पॅरिसच्या मठात राहून तो देकार्त, फर्मा यांच्यासारख्यांशी पत्रव्यवहार करी. एकाचं पत्र दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला कळवत राही. युरोपातल्या गणिताचं ते जणू टपाल कार्यालयच होतं. दोनाचा घात करून एक वजा केलं की काही वेळा मूळ संख्या मिळते : ३, ७, ३१, १२७. युक्लिडच्या काळापासून माहीत होतं की अशी प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते, ६ आणि २८ यांच्यासारखी, जिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच होते. म्हणून या संख्यांमागे सगळे लागलेले. १६४४ साली मेर्सेननं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जाहीर केलं की २५७ पर्यंतच्या घातांपैकी अकराच घात अशी मूळ संख्या देतात : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७.

या यादीत ६७ आहे, म्हणजे आमच्या वहीतली संख्या मेर्सेनच्या मते फुटणारी नव्हतीच. त्यानं ती तपासली होती का? शक्यच नव्हतं. त्याच प्रस्तावनेत त्यानं कबूल केलंय की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळ पुरायचा नाही. तरी यादी दिली. नाव मोठं, त्यामुळे यादी चालली. पुढे ती पाच ठिकाणी चुकलेली निघाली. ६७ आणि २५७ हे घात नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते आणि नव्हते. काहींनी तर अशी समजूत काढली की मेर्सेनला ६१ म्हणायचं असेल, छापताना ६७ झालं. मोठ्या माणसाची चूक छापखान्याच्या माथी मारायची रीत फ्रान्समध्येही आहे.

२३२ वर्षांनी, १८७६ साली, एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञानं सांगितलं की २ चा ६७वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही. 'हनोईचा मनोरा' नावाचं चकत्यांचं कोडं ज्याचं, तोच हा लुकास. पण विचित्र गोष्ट अशी की त्यानं एकही अवयव सांगितला नाही. त्याला माहीत नव्हता. त्याची चाचणीच अशी होती की ती अवयव न शोधता निकाल देते. आज ती ज्या सुटसुटीत रूपात वापरतात ते असं : ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच. ३१ साठी करून बघा. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, त्यासाठी तीन फेऱ्या लागतात. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२; बाकी शून्य. शेवटी शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी अशा पासष्ट फेऱ्या आहेत आणि शेवटी शून्य येत नाही. म्हणजे ती फुटते. कुठे फुटते, त्यावर चाचणी गप्प. डॉक्टरांनी हाड मोडलंय एवढं खात्रीनं सांगावं आणि कुठलं ते विचारलं तर "ते सांगता यायचं नाही" म्हणावं, तसं.

आणखी सत्तावीस वर्षांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक, सोसायटीचे चिटणीस, एरवीही मितभाषी. त्यांचं नाव पुकारलं तसे ते फळ्याकडे गेले. काही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात काढला. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन दोन संख्या एकाखाली एक लिहिल्या आणि हातानं गुणाकार केला. ओळीमागून ओळ. दोन्हीकडचं उत्तर एकच आलं. कोल जागेवर जाऊन बसले. तोवर त्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता. सभेनं उठून टाळ्या वाजवल्या म्हणतात, आणि प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायला उरलं काय होतं?

ही हकीगत ई. टी. बेल या गणितज्ञ-लेखकानं लिहून ठेवली आहे. गोष्ट रंगवून सांगण्याबद्दल त्याची ख्याती होती, त्यामुळे टाळ्यांवर आणि शांततेवर पैज लावू नये. फळ्यावरच्या त्या ओळीवर मात्र लावावी, कारण ती आपण आपल्या वहीत तपासू शकतो. बेलनं पुढे लिहिलंय की कोलना १९११ साली विचारलं, या संख्येला किती वेळ लागला? उत्तर आलं, तीन वर्षांचे रविवार.

भाचीला ही गोष्ट सांगताना मी या वाक्यापाशी थांबलो. कारण तीन वर्षांचे रविवार म्हणजे साधारण दीडशे. दीडशे रविवारांत नेमकं काय केलं असेल?

नुसतं एकेका संख्येनं भागत जाणं तर शक्य नव्हतं. या संख्येचं वर्गमूळ १,२१४ कोटींच्या पुढे आहे. लहान अवयव तिथवर कुठेही दडलेला असू शकतो. एक जुना नियम मदतीला येतो : हिचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळवूनच मिळतो. आमच्या वहीतला अवयव १३४ गुणिले १४,४५,५८०, अधिक १ आहे. म्हणजे या नियमानं गेलं तरी साडेचौदा लाखांच्या जवळपास उमेदवार. दुसरा एक नियम म्हणतो, अवयवाला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. त्यानं निम्मे गळाले. ३, ५, ७, ११ यांच्या पटी काढून टाकल्या, तरी तीन लाख उरतात. एका भागाकाराला पाच मिनिटं धरली तर पंचवीस हजार तास. दर रविवारी आठ तास बसायचं म्हटलं तर तीन हजारांवर रविवार, म्हणजे साठ वर्षं. आणि आपल्याला आज उत्तर माहीत आहे म्हणून तरी कुठे थांबायचं ते कळतं. कोलना थांबायची जागा माहीत नव्हती.

म्हणून कोलनी भागत बसण्याऐवजी वर्गशेषांचा आधार घेतला. म्हणजे अवयवानं पाळायलाच हव्यात अशा आणखी अटी शोधून काढायच्या. अशी एकेक अट उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाद करते. निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे. पटावरच्या दाण्यांची गोष्ट उलटी चालवल्यासारखं. दुपटीनं जे हाताबाहेर गेलं, ते निमपटीनं हातात येतं. पण प्रत्येक अट मिळवायला आकडेमोड, प्रत्येक आकडेमोडीत चुकायची संधी, आणि संगणक नाही. अटी लावून उरलेला उमेदवार हाती घ्यायचा, भाग लावायचा. जात नाही. पुढचा. जात नाही. रविवार संपला.

त्या रविवारी कोलनी काय केलं? 'काही नाही' असं उत्तर देता येईल. अवयव सापडला नाही. सोमवारी सहकाऱ्यानं विचारलं असेल तर सांगायला काही नव्हतं. दीडशे रविवारांपैकी शेवटचा एक सोडला, तर बाकी सगळ्यांचं फलित असंच, शून्य.

आणि इथे मला वहीतली पाचवी ओळ आठवली.

ते रविवार शून्याच्या ओळी होते. त्यातून बेरजेत काही जमा होत नव्हतं. पण प्रत्येकानं एक घर अडवलं होतं : इथे नाही, इथेही नाही. त्यांतला एक जरी गाळला असता, तपासलेलं पुन्हा तपासलं असतं किंवा न तपासलेलं तपासलं असं धरलं असतं, तर पुढच्या सगळ्या ओळी चुकीच्या घरात बसल्या असत्या. फळ्यावर मात्र यातलं काहीच आलं नाही. फळ्यावर आला तो गुणाकार, जो कुणालाही करता येतो. सातवीतल्या मुलीलाही, मामानं घाई केली नाही तर.

शोधायला तीन वर्षं आणि पडताळायला तासभर, हा फरक गणितात पुढे फार मोलाचा ठरला. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी नेमक्या याच फरकावर गुप्त संदेशाचं एक कुलूप बांधलं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड सांगून टाकायचा. तो फोडता येणार नाही याच भरवशावर संदेश सुरक्षित. इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार त्या कुलपावर चालत आले. कोलची संख्या आज संगणक डोळ्याची पापणी लवायच्या आत फोडतो. पण अंक काहीशे झाले की तोही कोलसारखाच रविवार मोजत बसतो.

मला मात्र त्या फरकाची दुसरी बाजू जास्त दिसते. आपण बहुतेक वेळा पडताळणाऱ्याच्या बाजूला असतो. दुसऱ्याचं काम आपल्यापुढे येतं ते गुणाकार होऊन, एका ओळीत. मग आपण ताळा करतो, आणि तोही नऊचा. अंक मोजतो, जागा बघत नाही. ओळखीतल्या एका बाईंच्या बायोडेटात चार वर्षांची मोकळी जागा होती. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची ती चार वर्षं. मुलाखतीला बसलेल्या माणसानं त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "या काळात काय केलंत?" त्या म्हणाल्या, "काही नाही." त्यांनी खोटं सांगितलं असं नाही. त्या रकान्यात भरण्याजोगं खरंच काही नव्हतं. पण ती चार घरं मोकळी सोडली नसती, तर त्यांच्या घरातल्या बाकीच्यांच्या सगळ्या ओळी चुकीच्या जागी बसल्या असत्या. धाकट्या दिराचं शिक्षण, नवऱ्याची बदली, सगळं. हे त्यांनाही त्या क्षणी मोजता आलं नाही. आपला ताळा आपणही नऊचाच करतो.

पण कुठल्याही शून्याला असा मान द्यायला मी तयार नाही. शून्याचा नियम कडक आहे. ७० मधल्या शून्यामुळे सातची किंमत बदलते. ०७ मधल्या शून्यानं काही होत नाही. शून्याला जागा मिळते ती त्याच्या डावीकडे कुणी अंक मांडला तर. आमच्या गुणाकारातही पाचव्या ओळीला अर्थ आला तो सहाव्या ओळीमुळे. कोलनी दुसऱ्या वर्षी कागद माळ्यावर टाकले असते, तर तेवढे रविवार ०७ मधलं शून्य ठरले असते, निदान दुसऱ्या कुणी ते कागद उतरवून पुढे नेईपर्यंत. तेव्हा 'वाया गेलं' की 'जागा धरली' हे त्या दिवशी ठरत नाही. ते पुढची ओळ लिहिल्यावर ठरतं. आणि मागचं शून्य नीट लिहून ठेवलं असेल, तरच पुढची ओळ बरोबर घरात पडते.

लोकांनी शून्यं लिहून ठेवली म्हणूनच मेर्सेनची यादी शेवटी निकालात निघाली. १८८३ साली पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूनं ६१ या घाताची संख्या मूळ ठरवली; विसाव्या शतकात ८९ आणि १०७ आले, २५७ गेला. आता त्या शोधात जगभरातले हौशी लोकही आपापले संगणक जुंपतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली अशी सर्वांत मोठी मूळ संख्या ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची आहे. ती मिळेपर्यंत किती यंत्रांनी किती रात्री 'हा नाही' एवढंच उत्तर दिलं असेल!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर भाचीनं स्वतःहून वही काढली. मला वाटलं चार ओळी खोडून एकेक घर सरकवेल. तिनं तसं केलं नाही. नवं पान घेतलं आणि पहिल्यापासून मांडणी केली. एकाची ओळ, दोनाची ओळ, सातच्या दोन. मग पाचवी. मी गप्प राहिलो. खाली चार फुल्या मारून तिनं शून्यं लिहायला घेतली. एक, दोन, तीन... वरच्या संख्येत बारा अंक आहेत म्हणून बाराच्या बारा, प्रत्येक आपापल्या चौकटीत. त्यानंतरच सातची तिसरी ओळ, पाच फुल्यांनी.

बेरजेत या वेळी एकवीस अंक आले. अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. ताळा कालच्यासारखाच जुळला. तिनं त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. कालचं पान उघडलं आणि एकवीस चौकटी उजवीकडून एकेक करून मोजत, प्रत्येक अंकावर बारीक टिंब देत डावीकडच्या टोकापर्यंत गेली.